बाळाशी ‘भूभू’ म्हणावं की ‘कुत्रा’?

प्रश्न असा आहे : मुलगी चौदा महिन्यांची. ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘मंमं’, ‘बाबा’ आणि ‘टाटा’ एवढं बोलते, हवं ते बोटाने दाखवते. सासूबाई तिच्याशी याच भाषेत बोलतात. नवऱ्याचं म्हणणं, जे शब्द पुढे विसरायचेच आहेत ते शिकवायचे कशाला? सरळ ‘कुत्रा’ म्हणा, नाहीतर ‘डॉग’. त्यातच कुठेतरी वाचलं की ‘बूबा’ (म्हणजे गोल) आणि ‘किकी’ (म्हणजे टोकदार) अशा आवाजांचे अर्थ मुलांना जन्मतःच कळतात, आणि तसली कार्डं विकायलाही आली आहेत. ती घ्यावीत का? शिवाय एक बारीकशी तक्रार : दिवसभर सांभाळते मी, मग ती ‘बाबा’ म्हणते आणि ‘आई’ का नाही?

सासूबाईंना बोलू द्या. नवऱ्यालाही ‘कुत्रा’ म्हणू द्या, फक्त ‘भूभू’ला हुसकावून नव्हे, त्याच्या जोडीने. कार्डं घेऊ नका. एवढ्यावर भागत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण घरात वाद चालू आहे म्हणजे नुसत्या निकालाने भागायचं नाही, कारणं लागतील. उशिरा बोलणाऱ्या मुलांबरोबर स्पीच थेरपिस्ट म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत. हा वाद मी घरोघरी ऐकते, आणि एका बाजूला बहुतेक वेळा आजी असते.

पहिला शब्द तोंडातून येतो तोवर बाळाचं निम्मं काम उरकलेलं असतं. आईच्या आवाजाची ओळख तर पोटातच झालेली असते. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली दाखवलं की जेमतेम तीन दिवसांची बाळं चोखणी चोखण्याची लय बदलतात, का तर परक्या बाईऐवजी आपल्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून. साडेचार महिन्यांच्या आसपास स्वतःचं नाव कानाला ओळखीचं वाटू लागतं. २०१२ साली एलिका बर्गेलसन आणि डॅनियल स्विंगली यांनी सहा ते नऊ महिन्यांच्या मुलांसमोर चित्रं ठेवली आणि पालकांना त्यातल्या एकेकाचं नाव घ्यायला लावलं. मुलांची नजर त्याच चित्रावर जास्त रेंगाळली. नावं होती खाण्याच्या पदार्थांची आणि शरीराच्या अवयवांची. म्हणजे तोंडाने ‘बबबब’ करणारं बाळसुद्धा काही शब्द समजून बसलेलं असतं.

यातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग कॅनडातला आहे, पण त्यातले आवाज आपले आहेत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्हींतला फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांची तर त्यात पंचाईतच होते. वर्षाच्या आत कान आपल्या घरच्या भाषेला जुळवून घेतात आणि जे कामाचं नाही ते सोडून देतात. तुमच्या लेकीला तो फरक आजही कळतो, कारण तिच्या घरात ‘ताट’ही आहे आणि ‘टाटा’ही.

शिवाय आपण बोलताना शब्दाशब्दांत थांबत नाही. ‘बाळाचंटोपडंकुठेगेलं’ ही सलग माळ बाळाला स्वतःच तोडावी लागते. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या मुलांना दोन मिनिटं निरर्थक अक्षरांची सलग ओळ ऐकवली. कोणत्या अक्षरामागून कोणतं हमखास येतं, हे मुलांनी तेवढ्यात टिपलेलं होतं.

इथवर आवाजाचं झालं. अर्थाचं कोडं याहून अवघड आहे. दारात काळा कुत्रा शेपूट हलवत आला आणि कोणी ‘कुत्रा’ म्हणालं, तर तो शब्द प्राण्याचा, शेपटीचा, हलण्याचा, काळेपणाचा की दारात येण्याचा? बाळाने ओळखायचं कसं? याची मोठी उत्तरं दोन. एक म्हणजे माणसं : बोलणारा कुठे बघतोय, कशाकडे बोट दाखवतोय हे बाळ पाहतं, आणि नऊ-दहा महिन्यांपासून त्यात तरबेज होत जातं. दुसरं म्हणजे पुनरावृत्ती : आज दारात, उद्या रस्त्यावर, परवा पुस्तकात, प्रत्येक वेळी शेपूट नि रंग बदलले तरी ‘कुत्रा’ हा आवाज आणि तो प्राणी यांची जोडी कायम. यांच्या शेजारी एक तिसरं, छोटं उत्तर आहे. कधीकधी शब्दाचा आवाजच अर्थाची खूण देतो. तुम्ही जे वाचलंत ते या तिसऱ्या उत्तराबद्दल होतं, आणि त्याच्या आकाराहून बरंच मोठं करून लिहिलेलं होतं.

आधी सासूबाईंकडे येऊ. भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, मंमं, दुदू, गाई-गाई, भुर्र, बाऊ, शी, शू. या शब्दांना आपण पोरकट समजतो, पण भाषावैज्ञानिकांनी त्यांच्याकडे फार आधी गांभीर्याने पाहिलं. अमेरिकेतले चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ साली सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली : सिरियातली अरबी, मराठी, कोमांची, गिल्याक, अमेरिकन इंग्रजी आणि स्पॅनिश. हो, सहांत एक मराठी. त्याच वर्षी अशोक केळकरांचा मराठी बाळबोलीवरचा लेख ‘वर्ड’ या नियतकालिकात छापून आला. एकमेकींपासून इतक्या दूरच्या या भाषांत बाळांसाठीचे शब्द मात्र एकाच साच्याचे निघाले. व्यंजनं सोपी, जोडाक्षरं जवळजवळ नाहीत, अक्षरं दुहेरी, आणि विषय ठरलेले : खाणं, झोपणं, शी-शू, नातलग, प्राणी, दुखणंखुपणं. फर्ग्युसन यांचं आणखी एक निरीक्षण नवऱ्याला जरूर सांगा. ही बोली मुलं तयार करत नाहीत. ती मोठ्यांची असते आणि एका पिढीकडून दुसरीकडे जाते. सासूबाईंनी ती त्यांच्या सासूबाईंकडून उचललेली असणार.

इथे एक गल्लत हमखास होते. बाळबोली वेगळी आणि बाळाच्या बोबड्या बोलांची नक्कल वेगळी. मूल ‘कुत्रा’ला ‘तुता’ म्हणतं, ते गोड वाटतं, म्हणून सगळं घर ‘तुता आला, तुता आला’ करू लागतं. हे करू नये. मुलाला ऐकायला बरोबर उच्चार मिळायला हवा, तरच त्याला आपला नेम कुठे चुकला ते कळेल. ‘भूभू’ हा मात्र चुकलेला ‘कुत्रा’ नाही. तो स्वतंत्र, नेमका उच्चार असलेला शब्द आहे.

आता हे शब्द मुलांना सोपे का जातात? त्यात तीन गोष्टी एकत्र गुंतलेल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्या तर तुमच्या घरचा वाद बराचसा मिटेल.

पहिली गोष्ट दुहेरीपण. ‘भूभू’, ‘मंमं’, ‘दुदू’, ‘बाबा’. एकच अक्षर दोनदा. ज्युडिट जर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली नवजात बाळांच्या मेंदूतले बदल मोजले. ‘मुबाबा’सारखे, शेवटची दोन अक्षरं सारखी असलेले आवाज ऐकताना मेंदूचा प्रतिसाद ‘मुबागे’सारख्या आवाजांपेक्षा जास्त होता. म्हणजे ‘पुन्हा तेच’ हे ओळखण्याची तयारी जन्मतःच असते. आणि सहा-सात महिन्यांनी बाळ स्वतः जी ‘बाबाबा-दादादा’ बडबड सुरू करतं तिचाही साचा तोच. ऐकायला सोपं, म्हणायला सोपं.

दुसरी गोष्ट नक्कल. ‘भूभू’ कुत्र्यासारखं, ‘हम्मा’ गाईसारखं, ‘काऊ’ कावळ्यासारखं. प्राणी दिसत नसला तरी आवाज त्याला समोर आणून उभा करतो. ट्विला टार्डिफ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली इंग्रजी, मँडरिन आणि कँटोनीज घरांतल्या मुलांच्या पहिल्या दहा शब्दांची तुलना केली. तिन्हीकडे माणसांची नावं आणि आवाजांची नक्कल करणारे शब्द ठळकपणे होते. पण नक्कल कुठेही शंभर टक्के नसते. जपानी कुत्रा ‘वानवान’ करतो, इंग्रजी ‘वूफ’, मराठी ‘भू भू’. कुत्रे सगळे सारखेच भुंकतात, आपापल्या भाषेच्या वर्णांत ते बसवतो आपण. मराठीची यात एक सोय अशी की बाळबोलीतून मोठ्यांच्या शब्दाकडे जायला वाट तयार असते. भूभू–भुंकणे, काऊ–कावळा, चिऊ–चिवचिव. इंग्रजीत ‘वूफ’पासून ‘डॉग’पर्यंत अशी वाट नाही.

तिसरी गोष्ट खरी नादप्रतीकता, म्हणजे आवाज नसलेल्या गोष्टीचा गुण आवाजातून सुचणं. आकाराला आवाज नसतो. तरीही ‘गुबगुबीत’ आणि ‘किडकिडीत’ हे दोन शब्द मराठी न येणाऱ्या माणसाला ऐकवा आणि विचारा, यातला जाडा कोण? मी हे पाहुण्यांवर करून बघते, मजा येते. प्रयोगशाळेतली याची भावंडं म्हणजे तुमचे बूबा आणि किकी. जर्मन मानसशास्त्रज्ञ व्होल्फगांग कोलर यांनी १९२९ सालीच एका वळणदार आणि एका टोकदार आकृतीला निरर्थक नावं जोडायला सांगून हा कल दाखवला होता. त्याच वर्षी एडवर्ड सपीर यांनी विचारलं की ‘मिल’ आणि ‘माल’ यांपैकी मोठं टेबल कोणतं. बहुतेकांनी ‘माल’ म्हटलं. आपल्या ‘चिमुकला, पिटुकला, इवलासा’ आणि ‘अगडबंब, ढब्बू, भलामोठा’ या जोड्या मनातल्या मनात म्हणून पाहा. (लगेच ‘हत्ती’ आणि ‘लहान’ हे शब्दही आठवा, म्हणजे फार वाहवत जाणार नाही.) ‘बूबा-किकी’ ही नावं रूढ झाली ती व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांच्या २००१ सालच्या लेखामुळे.

हे जगभर खरं आहे का? बऱ्याच अंशी. २०२२ साली २५ भाषा बोलणाऱ्या ९१७ जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ७२ टक्के वेळा ‘बूबा’ गोल आणि ‘किकी’ टोकदार ठरलं. पण रोमानियन, तुर्की आणि मँडरिन बोलणाऱ्यांत हा कल खात्रीने दिसला नाही. नेपाळमधल्या स्युबा भाषकांतही, २०१७ सालच्या एका अभ्यासात, तो आढळला नाही.

आणि बाळांमध्ये? इथे जपून. २०१३ साली एका गटाला चार महिन्यांच्या बाळांत हा कल दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला पाच-सहा महिन्यांच्या बाळांत काहीच दिसलं नाही. २०१८ साली मॅथिल्ड फोर्ट आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र मोजले, तेव्हा परिणाम आहे, पण मध्यम आहे, आणि गोल-बूबाकडे तो जास्त भरवशाचा आहे, असं निघालं. ‘जन्मतःच कळतं’ या दाव्याला सर्वांत मोठा धक्का मला वाटतं हॅम्बुर्ग आणि हैदराबादच्या संशोधकांच्या २०१९ सालच्या कामाने बसतो. जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली आणि पुढे शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेली माणसं त्यांनी तपासली. त्यांच्यात ही आवाज-आकाराची सांगड आढळली नाही. जन्मांधांतही नाही. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांत मात्र ती शाबूत होती. म्हणजे लहानपणी नीट पाहायला मिळालं तरच ही सांगड बसते. सुरुवातीची वर्षं गोल वस्तू गडगडताना आणि टोकदार वस्तू खणकन आपटताना पाहण्या-ऐकण्याची असतात, तिथेच ती पक्की होत असावी. एका अर्थी ही बातमी कार्ड विकणाऱ्यांना वाईट आणि वाटी-चमचा आपटणाऱ्या बाळांना चांगली आहे.

मग याचा शब्द शिकायला उपयोग होतो का? होतो, आणि इथे जपानी संशोधकांचं काम वाचण्यासारखं आहे. जपानीत नादशब्दांची रेलचेल, अगदी मराठीसारखी. केइओ विद्यापीठाच्या मुत्सुमी इमाई आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली चौदा महिन्यांच्या मुलांना, म्हणजे बरोबर तुमच्या लेकीच्या वयाच्या, ‘मोमा’ आणि ‘किपी’ असे दोन शब्द आणि दोन आकार शिकवले. आवाज आकाराला साजेसा असेल तेव्हा मुलं जोडी शिकली, उलटा लावला तर नाही. त्याआधी २००८ साली त्यांनी तीन वर्षांच्या मुलांना चालण्याच्या तऱ्हांसाठी नवी क्रियापदं शिकवून पाहिली होती. जड, संथ चालीला ‘नोसुनोसु’, भरभर बारीक पावलांना ‘चोकाचोका’. चाल तीच पण चालणारा वेगळा, असं दाखवल्यावर साध्या निरर्थक शब्दांत मुलं गोंधळली, नादशब्दांत नाही. पुढे इंग्रजी बोलणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांनाही तसल्याच शब्दांनी मदत झाली.

हा क्रियापदांचा मुद्दा मला कार्डांवरच्या आकारांपेक्षा शतपट महत्त्वाचा वाटतो, कारण मुलांना खरी अडचण क्रियापदांची असते. कुत्रा समोर उभा राहतो, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. ‘चालणं’ दाखवेपर्यंत संपतं. मराठीत या कामासाठी खजिना आहे. तुरुतुरु, दुडुदुडु, लुटुलुटु, झपझप, धपधप, लगबग. पाणी खळखळ, पान सळसळ, पाऊस रिमझिम, दार खाडकन, पेला ठणकन. आणि केवळ ऐकू येणाऱ्या गोष्टीच नाहीत. चांदणी लुकलुकते, डोळे चुरचुरतात, जखम ठुसठुसते, गाल लुसलुशीत असतो. अनुकरणवाचक शब्द म्हणून व्याकरणाच्या पुस्तकात चार ओळींत आटोपतात ते हेच. एम. बी. एमेनो यांनी १९६९ साली दाखवलं की असे शब्द भारतातल्या भाषांनी, त्यांची कुळं वेगळी असूनही, एकमेकींत वाटून घेतले आहेत. घरी आजी म्हणते, “बघ, बाळ कसं दुडुदुडु पळतंय,” तेव्हा ती चालीला नाव देते, लयही देते आणि बहुधा हाताने पावलंही करून दाखवते.

आता दोन्ही बाजूंना थोडा थोडा लागू पडणारा पुरावा. एडिंबरात मित्सुहिको ओटा आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली इंग्रजी ऐकणाऱ्या ४७ मुलांचा नऊ ते एकवीस महिन्यांपर्यंत मागोवा घेतला. ज्यांच्या कानांवर दुहेरी अक्षरांचे आणि लाडिक प्रत्यय लागलेले शब्द जास्त पडले होते, त्यांचा शब्दसंग्रह भराभर वाढला. पण नक्कल करणाऱ्या शब्दांच्या प्रमाणाचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे ‘भूभू’त जी जादू आहे ती ‘कुत्र्यासारखं वाजतं’ यापेक्षा ‘दोनदा तेच येतं’ यात अधिक असण्याची शक्यता आहे. मला स्वतःला तिसरंही एक कारण दिसतं, ते असं की हे शब्द म्हणताना मोठ्या माणसांचा चेहरा, सूर, हात सगळं बदलतं. ‘कुत्रा’ कोरड्या आवाजात म्हणता येतं. ‘भूऽभू’ कोरडेपणाने म्हणून दाखवा.

आणि सगळीच भाषा अशी नादमय असती तर? अडलं असतं. गोल वस्तूंना सगळे ‘बूबा’च्या घरातले शब्द मिळाले असते, तर लाडू, चेंडू आणि लिंबू यांची नावं एकमेकांत मिसळली असती. ‘उद्या’, ‘मावशी’, ‘नको’ यांना कसला आवाज? शब्द शेकड्यांनी वाढू लागले की आवाज आणि अर्थ यांचं नातं मनमानी असणंच सोयीचं पडतं, कारण जवळच्या अर्थांचे शब्द लांबच्या आवाजांचे ठेवता येतात. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लोकांना शब्दांचं नादसाम्य, म्हणजे आवाज अर्थासारखा किती वाटतो ते, जोखायला लावलं (लिन पेरी आणि सहकारी, २०१५), तेव्हा लवकर शिकले जाणारे शब्द जास्त नादसाम्याचे निघाले, उशिराचे कमी. म्हणून ‘भूभू’ अडकून राहील ही भीती नको. दोन-तीन वर्षांची मुलं आपणहून ‘कुत्रा’वर येतात. वीस वर्षांचा कोणी ‘मंमं’ मागताना मला अजून भेटलेला नाही.

घरी करायचं ते असं. ती ‘भूभू’ म्हणाली की, “हो, भूभू आला. काळा कुत्रा आला.” बस. तिचा शब्द घ्यायचा, मान्य करायचा, पुढे एक-दोन शब्द जोडायचे. “कुत्रा म्हण, कु-त्रा म्हण” ही परीक्षा घ्यायची नाही. परीक्षा घेतली की मुलं गप्प होतात, मोठी माणसंसुद्धा होतात. बकरीला, गाईला, शेजारच्या मांजरालाही ती ‘भूभू’ म्हणेल. तोही गोंधळ नसतो. जवळ आहे तोच शब्द ती ताणून वापरते. “ही बकरी. बें बें करते,” एवढं सांगून पुढे जा.

क्लिनिकमध्ये न बोलणाऱ्या मुलांबरोबर मी सुरुवात या नादशब्दांनीच करते. ठोकळ्यांचा मनोरा रचायचा, हात वर न्यायचा, थांबायचं, मुलाच्या डोळ्यांत बघायचं आणि मग, ‘धप्प!’ दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला थांबणं लांबवायचं. ती रिकामी जागा भरायला मूल आवाज करतं, आधी नुसता श्वास, मग ‘प’, मग ‘धप्प’. भुर्र, टप्प, अय्या, पडलं, संपलं, आलं. तळहातावर मोराला बोलावण्याचा जुना खेळ याच कारणाने इतका टिकला असणार : त्यातही थांबणं आहे, आणि शेवटी काय येणार हे माहीत असण्याची गंमत आहे.

‘डॉग’बद्दल. घरात कोणी सहज इंग्रजी बोलत असेल तर बोलावं, दोन भाषांनी मूल बोलायचं थांबत नाही. पण मराठी वाक्यात फक्त नामं इंग्रजी कोंबणं, ‘हा बघ डॉग, हा त्याचा नोज’, यातून तिला ना इंग्रजी मिळतं ना मराठी. ज्या भाषेत तुम्ही रागावता, हसता आणि कुरकुरता, त्या भाषेत बोला.

कार्डं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ का नकोत, यावर पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग पुरेसा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली. अशा बारा बैठकांनंतर बाळांना मँडरिनमधला एक अवघड ध्वनिभेद ओळखता येऊ लागला. तेच साहित्य पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिफितीतून मिळालेल्या बाळांना काहीच आलं नाही. आवाज तेच, माणूस नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या सूचनाही एक वर्षाच्या मुलांना पडदा नको असंच सांगतात.

आता ‘बाबा’. १९५९–६० च्या सुमारास रोमन याकबसन यांनी जगभरच्या भाषांतल्या आई-वडिलांसाठीच्या १,०७२ शब्दांच्या संग्रहावर काम केलं. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखी अनुनासिकं होती, वडिलांच्या शब्दांपैकी फक्त १५ टक्क्यांत. दूध पिताना ओठ मिटलेले, नाकातून निघणारा ‘म्‌म्’ हा हुंकार, त्यातून ‘मामा’, असा त्यांचा तर्क होता. आपलं ‘मंमं’ त्यात चपखल बसतं. अपवादही आहेत. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील, आपल्याकडे आईचा भाऊ. पण मराठीने आईसाठी निवडलेल्या शब्दात एकही व्यंजन नाही. ‘बाबा’ हा बडबडीतून आयता पडतो, आपण टाळ्या वाजवून तो लगेच शब्द म्हणून स्वीकारतो. ‘आ…ई’ मात्र तिच्या बाकीच्या हुंकारांत, रडण्यात, हाका मारण्यात विरून जातो. तुम्ही लक्ष ठेवा : तुम्ही खोलीबाहेर गेलात की ती जो ‘आऽ’ किंवा ‘आयी’ करते, तो दरवेळी तोच आणि तुमच्यासाठीच असेल, तर तो शब्द झाला. शिवाय माणूस समोरच असलं की त्याला हाक मारायची गरजही कमी पडते.

शब्द मोजण्याचा नियमही हाच : ठरावीक आवाज, ठरावीक अर्थाने, आपणहून, पुन्हा पुन्हा. उच्चार मोठ्यांसारखा हवाच असं नाही. कित्येक पालक “एकही शब्द नाही” म्हणत येतात आणि विचारत गेलं की भुर्र, हम्मा, शी, अंऽ (दे) असे सात-आठ शब्द निघतात. ‘ते काय शब्द आहेत का’ म्हणून त्यांनी ते धरलेलेच नसतात. तुमच्या लेकीचे पाच शब्द आणि बोटाने दाखवणं, या वयाला छान आहे.

डॉक्टरांकडे किंवा थेरपिस्टकडे जायचं ते या गोष्टी दिसल्या तर : वर्षाचं झालं तरी ‘बाबाबा’सारखी बडबड नाही, बोट दाखवणं, टाटा करणं नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, पंधरा-सोळा महिन्यांपर्यंत अर्थाने वापरलेला एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा आले’, ‘दुदू दे’ असे दोन शब्द जोडत नाही. आणि आलेले शब्द कुठल्याही वयात नाहीसे झाले, तर थांबूच नका. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे काकाही चार वर्षांनी बोलले’ ही वाक्यं मी फार वेळा ऐकली आहेत, आणि त्यात गेलेले महिने परत येत नाहीत.

सर्वांत आधी कान तपासायचे. “ताट पडलं की दचकते, म्हणजे ऐकू येतं” हा पुरावा धरू नका. काही मुलांना ताट, हॉर्न, कुकरची शिट्टी ऐकू येते, पण ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखे बारीक आवाज येत नाहीत. अशा मुलांना ‘भूभू’ सापडतो, ‘किडकिडीत’ सापडत नाही. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी काही आठवडे आवाज दबका येतो. जन्माच्या वेळी ओएई ही ऐकण्याची प्राथमिक चाचणी झाली होती का ते फाइलमध्ये बघा. झाली नसेल तर तिला काही त्रास दिसत नसला तरी एकदा करून घ्या. चाचणी काही मिनिटांची असते, दुखत नाही, आणि शंका आली तर पुढची, ‘बेरा’ नावाची ऐकण्याचीच चाचणी बाळ झोपेत असताना करतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत ही सोय आहे.